महाग वाटेपर्यंत भाव वाढवा

कोकम सरबताचा ब्रँड काढताय? छान. मग एक पथ्य कडक पाळा: भाव ठरवताना खर्चाचा हिशेब करू नका. रतांबे किती किलो लागले, साखर कितीची, रतांबे फोडायला बसलेल्या बायकांची मजुरी किती, ही आकडेमोड बचत गटाच्या वहीत शोभते. तुम्ही ग्राहक संशोधन करायचं.

त्याची रीत पीटर व्हान वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञाने १९७६ सालीच घालून दिली आहे. ग्राहकाला चार प्रश्न विचारा. कितीला हे इतकं महाग वाटेल की घेणारच नाही? कितीला महाग वाटेल, पण विचार कराल? कितीला स्वस्तात पडलं असं वाटेल? आणि कितीला इतकं स्वस्त, की मालाचाच संशय येईल? उत्तरांच्या चार रेघा कागदावर काढा. त्या एकमेकींना छेदतात तिथे भाव सापडतो.

चौथ्या प्रश्नासमोर रोज दिवा लावा. एसटी स्टँडसमोर बचत गट विकतो ते सरबत स्वस्त, म्हणून संशयास्पद. तेच त्यांच्याकडून घाऊक घ्या, निमुळत्या बाटलीत भरा, लेबलावर कौलारू घर छापा आणि दाम दुप्पट करा. संशय फिटतो!

प्रश्न कुणाला विचारायचे, यात खरी मेख आहे. गावात विचारू नका. कुडाळच्या बाजारात एखादी आजी म्हणेल, ‘‘मेल्या, माज्या दारात रतांब्याचा झाड आसा, मी इकत कित्याक घेव?’’ हा प्रतिसाद ‘अपात्र’ म्हणून बाद करा. चतुर्थी आटोपून मुंबईला निघालेला चाकरमानी गाठा, तोही स्टेशनावर, गाडी लेट असताना. पायाशी नारळाची पिशवी, डोळ्यात पाणी. अशा वेळी तो तोंडाला येईल तो आकडा सांगतो, कारण कागदावरचा आकडा खिशातून जात नाही. दादरला उतरल्यावर हाच माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करतो. पण तिथवर जायची संशोधनाला गरज नाही.

आणखी खोलात जायचं असेल तर गेबर-ग्रेंजर पद्धत वापरा: एक भाव सांगा, ‘घ्याल का?’ विचारा, हो म्हणाला की चढवा, नाही म्हणाला की उतरवा. यातल्या क्लाइव्ह ग्रेंजर यांना २००३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मिळालं दुसऱ्याच कामासाठी, पण हे गुंतवणूकदाराला सांगायची घाई नको.

शेवटी ९९ लावा, १०० नको. आणि पाच रुपयांच्या सोलकढी मसाल्याच्या पुडीला महाग करायचं पाप करू नका. पाच रुपये पाचच ठेवा, ग्रॅम कमी करा. हल्ली पाकिटावर प्रति ग्रॅम भावही छापावा लागतो, तो नियमात बसेल तितका बारीक छापा.

मे संपता संपता वळवाचा पाऊस पडेल, झाडाखाली रतांब्यांचा चिखल होईल आणि रतांबेवाला किलोमागे चार रुपये वाढवून मागेल. त्याला ते चार प्रश्न विचारायला जाऊ नका. कितीला परवडत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. वाढीव दर संशोधनात बसत नाही म्हणा, आणि आहेत ते पैसे गणपतीनंतर देतो म्हणा.