‘दोन्ही बोटी सारख्याच आहेत’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. ती तिखट आहे, पण अभ्यासाने लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावण्याऐवजी सविस्तर उत्तर देतो. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात संदर्भ. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातील प्रकल्पग्रस्त आणि ढिवर (मासेमार) बांधवांच्या संस्थेने पर्यटकांसाठी कोणती बोट घ्यावी, या लेखात मी दोन बोटींची तुलना केली होती. दोन्ही फायबरच्या, तीस फुटी, छोट्या केबिनच्या आणि सोळा प्रवाशांच्या आहेत. किमतीतही फारसे अंतर नाही. पहिलीचा तळ खोल ‘व्ही’ आकाराचा असून मागे १५० अश्वशक्तीचे पेट्रोल आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून बसवलेले, इंजिन आहे. दुसरीचा तळ गोलसर, खाली लांब कणा आणि आत ४० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. मी दुसरीची शिफारस केली. आपण मूळचे पवनी तालुक्यातले, पण कित्येक वर्षे कोकण किनाऱ्यावर बोटींच्या कामात आहात. आपले म्हणणे असे की, कागदावर सारख्या असलेल्या दोन बोटींतून मी मुद्दाम संथ बोट निवडली, आउटबोर्डचे फायदे झाकून ठेवले आणि धरणाच्या शांत पाण्याला समुद्राची भीती चिकटवली.

प्रथम वेगाविषयी, कारण आपल्या आक्षेपाचे मूळ तिथेच आहे. पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला तिच्या पाण्यावरील लांबीची मर्यादा असते, हे आपण जाणताच. फुटांतील लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की नॉट्समध्ये तो वेग मिळतो. आपल्या बोटीची पाण्यावरील लांबी २७ फूट धरली, तर तो सात नॉट्सच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे १३ किलोमीटर भरतो. व्ही तळाची बोट ही मर्यादा ओलांडते, कारण पुरेशी शक्ती मिळाली की ती पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावते. या दोन अवस्थांच्या मधल्या टप्प्यात मात्र तिचे नाक वर उठते, शेपूट पाण्यात बसते, समोरचे दिसेनासे होते, इंधन सर्वाधिक जळते आणि मागे सर्वांत मोठी लाट उठते. समुद्रावर हा टप्पा काही सेकंदांत मागे पडतो, म्हणून तिथे त्याचा कोणी फारसा विचार करत नाही.

आता आपल्या पाण्याकडे पाहा. बुडीत क्षेत्रात गावांची शेते, बांध आणि बांधांवरची झाडे पाण्याखाली गेलेली आहेत. काही वाळलेली खोडे वर दिसतात. जी दिसत नाहीत ती खरी धोक्याची. त्यांच्यामधून ढिवरांची जाळी पसरलेली असतात आणि पहाटेपासून डोंगे, म्हणजे त्यांच्या लहान नावा, फिरत असतात. अशा पाण्यात सोळा प्रवासी घेऊन ताशी ४० किलोमीटरने बोट हाकण्याची परवानगी आपण स्वतः तरी एखाद्या चालकाला द्याल का? तो १५ ते १८ किलोमीटरच्या घरातच चालवणार, आणि त्याने तसेच चालवले पाहिजे. याचा अर्थ, जिला पळण्यासाठी घडवले ती बोट आयुष्यभर आपल्या सर्वांत वाईट अवस्थेत रखडत राहणार. भर म्हणून, सोळा माणसांचे वजन जॅकेटांसह अकराशे-बाराशे किलो होते, आणि पाण्यावर उचलल्या जाणाऱ्या बोटीला प्रत्येक वाढीव किलो जाणवतो. कंपनीच्या माहितीपत्रकातला वेग बहुधा दोन माणसे आणि अर्धी टाकी यांवरचा असतो.

त्या मोठ्या लाटेचा उल्लेख मी पुन्हा करतो, कारण आपल्या प्रतिक्रियेत तिच्याविषयी एक शब्दही नाही. डोंग्याचा काठ पाण्यापासून जेमतेम वीतभर वर असतो. त्यात एकटा माणूस उभा राहून जाळे ओढत असताना शेजारून तशी लाट गेली, तर काय होईल हे सांगायला नको. संस्था ज्यांची, त्यांचाच डोंगा तिच्या बोटीने उलटवावा, हे मला कोणत्याही उत्पन्नाच्या बदल्यात मान्य नाही.

इंधनाची तुलना अन्यायाची होती, असेही आपण लिहिले आहे. पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक तृतीयांश लिटरहून थोडे अधिक जाळते, म्हणजे १५० अश्वशक्तीला पन्नास लिटरच्या पुढे. आपण म्हणता ते खरे आहे की, ते कायम पूर्ण ताकदीवर चालणार नाही. पण डिझेल इंजिन ४० अश्वशक्ती पूर्ण वापरली तरी नऊ-दहा लिटरांत भागवते आणि संथ फेरीत त्याच्या निम्म्यावर येते. अंतर कितीही कमी धरले, तरी ते मिटत नाही.

आउटबोर्डच्या बाजूने आपण मांडलेला मुद्दा मात्र वजनदार आहे. ते वर उचलता येते. उथळ पाण्यात बोट ढकलणारा पंखा वाचतो आणि पंख्याला काही गुंडाळले तर बोटीतच बसून काढता येते. तरीही माझे मत बदलत नाही, आणि त्याचे कारण इकॉर्निया ही जलपर्णी आहे. नाग नदी नागपूरचे सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. त्या खतावर ती फोफावते आणि वाऱ्यासोबत हिरव्या गालिच्यासारखी एका काठावरून दुसऱ्या काठावर सरकते. आउटबोर्ड आपल्या थंडाव्यासाठी पाणी खालच्या बारीक जाळीतून ओढते. आम्ही दोन्ही बोटींची चाचणी घेतली, त्या दिवशी त्या जाळीवर काळ्या, केसांसारख्या मुळांचा थर असा घट्ट बसला होता की, इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार आधी तुटक झाली आणि मग थांबली. चालकाने वेळीच इंजिन बंद केले, मुळे नखांनी खरवडून काढली आणि पुढे निघालो. थोड्याच अंतरावर तेच पुन्हा घडले. डिझेल बोटीत बाहेरचे पाणी इंजिनात जातच नाही. इंजिनातले पाणी कण्यालगतच्या बंद नळ्यांतून फिरून थंड होते. पंख्याच्या वर झाकणाची खिडकी ठेवलेली आहे. ती उघडून आतूनच वेल कापता येते, कोणाला पाण्यात उतरावे लागत नाही. शिवाय कण्याचा खालचा लोखंडी पट्टा पंख्याच्या खालून मागे सुकाणूपर्यंत जातो, त्यामुळे खोड लागलेच तर आधी त्या पट्ट्याला लागते.

दुरुस्तीचा विचारही याला जोडूनच करावा लागेल. किनाऱ्यावर आउटबोर्डचा जाणकार हाकेच्या अंतरावर मिळतो. इथे त्यातला संगणकीय भाग बिघडला, तर ऐन हंगामात बोट काठाला बांधून माणसाची आणि सुट्या भागाची वाट पाहावी लागेल. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन खोलून बसवणारा मिस्त्री मात्र पवनी, लाखांदूर, भिवापूर या प्रत्येक बाजारपेठेत आहे, आणि या बोटीतले इंजिन त्याच जातीचे आहे.

शांत पाण्याला मी समुद्राची भीती चिकटवली, हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला. आपल्या जिल्ह्यांत मे आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारनंतर वावटळ कशी उठते, हे आपण लहानपणापासून पाहिले असेल. लांब पसरलेल्या पाण्यावर ती आली की लाटा उंच नसतात, पण आखूड आणि खड्या असतात. वेगात असताना व्ही तळ अशा लाटा अधिक चांगल्या कापतो, हे मी मूळ लेखातही लिहिले होते आणि आजही लिहितो. मला काळजी आहे ती थांबलेल्या बोटीची. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूला काठावर प्राणी दिसला की चालक इंजिन मंद करतो आणि सगळे प्रवासी मोबाइल घेऊन एकाच कठड्याकडे धावतात. चाचणीत आम्ही माणसांना मुद्दाम तसे उभे केले आणि बोटीच्या काठापासून पाण्यापर्यंत टेप धरला. व्ही तळाची बोट झटकन कलली आणि कललेलीच राहिली. दुसरी सावकाश झुकली आणि बरीच आधी थांबली. त्या क्षणी काठ आणि पाणी यांतले अंतर दोन्ही बोटींत सारखे नव्हते, आणि माहितीपत्रकात हा आकडा कुठेही छापलेला नसतो.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण गेले. ती साधी नाव होती आणि ते पुराच्या दिवसांतले पाणी होते, हे मान्य. तिची आणि या बोटींची तुलना मी करत नाही. परंतु विदर्भात पाणी समुद्राचे नसले तरी माणसे बुडतात, एवढे ठाऊक असताना स्थैर्याला पहिले स्थान देणे याला भीती म्हणू नये, अशी माझी आपल्याला विनंती आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हा १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. त्यानुसार यांत्रिक बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र दोन्ही घ्यावे लागतात. सर्वेक्षकापुढे नेण्याआधी संस्थेने स्वतःच पूर्ण भाराची चाचणी करून घ्यावी, हे बरे.

एका बाबतीत आपला आक्षेप जसाच्या तसा उभा राहतो. डिझेल बोट पाण्यात अडीच फूट बसते, व्ही तळाची बोट आउटबोर्ड उचलल्यावर दीड फुटाच्या आत. उन्हाळ्यात पाणी मागे हटल्यावर डिझेल बोट जुन्या नदीपात्रापुरतीच फिरू शकेल आणि आजच्या धक्क्यापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून संस्थेला मी कळवले आहे की, पक्क्या सिमेंटच्या धक्क्याऐवजी पिंपांवरचा तरंगता धक्का घ्यावा, पाण्यामागे तो सरकवण्याची मजुरी वार्षिक अंदाजपत्रकात धरावी आणि बोटीच्या रकमेचा शेवटचा हप्ता याच जलाशयात सोळा माणसांच्या भाराने चाचणी झाल्याशिवाय देऊ नये. त्या चाचणीत आणखी काय तपासावे, हे आपण अनुभवाने सुचवले तर मी ते मागणीपत्रात घालायला सांगेन.