म्हणे, ‘मुलगी असूनही’!

रविवारी भाचीच्या कबड्डीच्या सामन्याला गेलो होतो, अजून डोकं शांत झालेलं नाही. शेवटचं मिनिट. मॅटवर आमच्या तिघीच उरलेल्या. समोरची चढाईला आली, हात मारायला आत घुसली आणि डाव्या कोपऱ्यातून भाचीने तिचा घोटा धरला तो सोडलाच नाही. मधल्या रेषेपासून तिची बोटं वीतभर राहिली. तिघी किंवा त्याहून कमी उरल्या असताना केलेली पकड, म्हणजे सुपर टॅकल!

आणि माइकवरचा तो समालोचक काय बोलावा? “मुलगी असूनही काय पकड! अगदी मुलांसारखी!” असूनही म्हणजे काय रे? पोरगी रोज पहाटे साडेपाचला मैदानावर असते, ती काय मुलगी असूनही? वर आणखी, “घरी पोळ्याही मस्त लाटते बरं का!” तासाभरापूर्वी मुलांच्या सामन्यात हाच माणूस कुणाच्या चढाया किती, पकडी किती, सगळं घडाघडा सांगत होता. तेव्हा नाही कुणाच्या पोळ्या आठवल्या!

वरपर्यंत हेच. २०१७च्या विश्वचषकाच्या तोंडावर मिताली राजला विचारलं, तुझा आवडता पुरुष क्रिकेटपटू कोण? तिने तिथेच सुनावलं, पुरुषांना विचारता का असं? वनडेत ७८०५ धावा काढलेली बाई, तिला म्हणे ‘लेडी सचिन’! आपली नागपूरची दिव्या देशमुख २०२४ला नेदरलँड्समध्ये बुद्धिबळ खेळून आली, तेव्हा अठरा वर्षांची होती. लोक डाव सोडून माझे केस, कपडे, उच्चार बघतात, असं तिला लिहावं लागलं. पुढच्याच वर्षी ती विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तर लगेच ‘लेक’!

या ‘लेकी’ आणि ‘रणरागिणी’ ऐकून कान किटलेत. दीप्ती शर्माने २०२५च्या क्रिकेट विश्वचषकाच्या नवी मुंबईतल्या फायनलमध्ये ५८ धावा केल्या, ५ विकेट काढल्या. ऑलराउंडर म्हणा की! हरमनप्रीत तेव्हा छत्तीस वर्षांची कर्णधार, ती कुणाची लेक?

इंग्रजीवाल्यांना २०२१मध्ये नियमांत बॅट्समन काढून बॅटर आणावा लागला. आपला ‘फलंदाज’ पहिल्यापासून बाईलाही चालतो, बाप्यालाही. तरी मेलं त्याच्यापुढे ‘महिला’ चिकटवायचंच. ‘पुरुष फलंदाज’ लिहिलेलं कधी वाचलंय?

सामना संपल्यावर भाची धापा टाकत आली. “मामा, माझ्या पकडी किती झाल्या?” स्कोअररच्या वहीत जाऊन बघितलं. पाच. माइकवरून एकदाही सांगितलं नव्हतं.