पर्थला येताय? ऊन आणि समुद्र नव्याने शिका

इथे ऑस्ट्रेलियात, पर्थला यायची तयारी करणारे बरेच जण मेसेज करतात, प्रश्न सगळ्यांचे तेच, व्हिसा, त्यासाठी लागणारे पॉइंट्स, घरभाडं, शाळा. ऊन आणि समुद्राबद्दल कोणीच विचारत नाही, कारण ते काय आपल्याला नवीन नाही ना! आम्ही रत्नागिरीकडचे, मलाही हे शहर लगेच आपलंसं वाटलं, सूर्य इथेही पाण्यातच बुडतो, आणि भारताशी फरक फक्त अडीच तासांचा त्यामुळे आईशी रोज संध्याकाळी निवांत बोलणं होतं. पण माझं स्पष्ट मत आहे, आपल्या माणसाने इथे उतरल्यावर आधी ह्या दोन गोष्टी शिकाव्यात, बाकी सगळं नंतर.

आपण ऊन तापमानावरून ठरवतो, इथे यूव्ही इंडेक्स बघतात, म्हणजे उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा. तो ३ झाला की टोपी आणि सनस्क्रीन, आणि इथला उन्हाळा म्हणजे डिसेंबर-जानेवारी, तेव्हा भर दुपारी तो ११-१२ च्या घरात जातो. त्यात दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो, इथले लोक त्याला 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात, इतकं बरं वाटतं की अंग भाजतंय हे कळतच नाही. शाळेत टोपी नसेल तर पोराला उन्हात खेळायला सोडत नाहीत, सावलीत बसवतात, आणि ते बरोबरच आहे. आपली कातडी सावळी म्हणून धोका कमी हे खरं, पण कमी म्हणजे नाही असं नव्हे.

समुद्राचं मात्र मला फार मनापासून सांगायचंय. लाटा फुटत असतात आणि त्यांच्या मधेच एक गडद, शांत दिसणारा पट्टा असतो, नवीन माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो कारण तिथे लाट नाही. तीच रिप, किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जायची वाट. माझे बाबा भाट्याच्या किनाऱ्यावर वाढलेले, इथल्या कॉट्सलो बीचवर आल्या आल्या तेही तसल्याच जागेकडे निघाले होते. उन्हाळ्यात बुडाल्याची बातमी आली की पोटात गोळा येतो, कित्येकदा नुकतंच आलेलं कुटुंब असतं, पोराला वाचवायला गेलेला बाप असतो.

म्हणून लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, झेंडे नसतील तर वाळूतच खेळा. रिपमध्ये सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडून दम घालवू नका, तरंगत राहा आणि हात वर करा. पोहणं येत नसेल तर मोठ्यांचेही क्लास असतात, बायकांनी कपड्यांचा संकोच अजिबात करू नका, अंगभर स्विमसूट घालून कितीतरी जणी येतात. आणि बीचवर लाइफसेव्हर दिसला की जाऊन विचारा, इंग्लिश तोडकंमोडकं असलं तरी चालतं, आज कुठे उतरू एवढंच विचारायचं असतं, ते हात करून जागा दाखवतात.