‘जर्मनला व्याकरण लागत नाही’ म्हणे!

माझी भाची नर्स आहे, जर्मनीला जायची तयारी करतेय. तिच्या ग्रुपवर फिरत असलेला एक मेसेज तिने मला पाठवला आणि विचारलं, “मावशी, क्लास सोडू का?” मेसेज असा: जर्मनला व्याकरण लागत नाही. शंभर वाक्यं पाठ करा, तीस दिवसांत बोलाल. डेर-डी-डास (नामाआधी लागणारी, त्याचं लिंग दाखवणारी आर्टिकलं) विसरा. सगळ्यांना ‘डू’ (म्हणजे ‘तू’) म्हणा. संस्कृत येत असेल तर निम्मं काम झालंच. खाली नमुन्याची वाक्यं.

ती वाक्यं बघूनच माझा संताप झाला. ‘मला गरम होतंय’ यासाठी दिलंय ‘इश बिन हाइस’. याचा जर्मन कानाला लागणारा अर्थ कामुक आहे! वॉर्डात पेशंटसमोर हे बोलायचं? ‘मला थंडी वाजतेय’साठी ‘इश बिन काल्ट’, म्हणजे मी थंड काळजाची बाई. बरोबर वाक्यं ‘मिअर इस्ट हाइस’ आणि ‘मिअर इस्ट काल्ट’. हा ‘मिअर’ म्हणजे आपला ‘मला’. जर्मनमध्ये याला डाटिव म्हणतात. मराठीत आपण ‘मी थंड आहे’ म्हणतो का? मराठी माणसाला ही रचना उपजत येते, आणि इंग्रजीवरून शब्दाला शब्द जोडलेली वाक्यं देऊन हा मेसेज नेमका तोच फायदा घालवतो. पेशंट ‘मिअर इस्ट श्लेश्ट’ म्हणाला तर त्याला मळमळतंय. ‘इश बिन श्लेश्ट’ म्हणजे मी वाईट आहे. फरक फक्त विभक्तीचा.

डेर-डी-डास चुकलं तरी लोक समजून घेतात, हे अर्धं खरं आहे. दुकानात चालून जाईल. पण ‘डेर हुंट बाइस्ट डेन मान’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो, आणि ‘डेन हुंट बाइस्ट डेर मान’ म्हणजे माणूस कुत्र्याला. शब्दांचा क्रम तोच. ‘डेन’ हे ‘डेर’चंच कर्माला लागणारं रूप; कोण कोणाला चावलं ते आर्टिकलच सांगतं.

शंभर वाक्यांचं म्हणाल, तर सुरुवातीला थोडी तोंडपाठ असलेली बरी, एवढं मान्य. पण जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योथं इन्स्टिट्यूटची सर्वात खालची, ए-वन पातळीची तोंडी परीक्षा बघा. हातात एक कार्ड येतं, त्यावर एक शब्द, आणि त्यावरून प्रश्न तुम्ही तयार करायचा. पुढच्या कार्डावर चित्र असतं, त्यावरून विनंती करायची. पाठांतर तिथेच संपतं. त्याच संस्थेच्या बी-वनच्या शब्दसूचीत सुमारे 2400 शब्द आहेत, आणि परदेशी नर्सला मान्यतेसाठी साधारणपणे त्याहून वरची, बी-टू पातळी लागते. तीस दिवसांत?

‘डू’बद्दल फार बोलायलाच नको. अनोळखी आजोबांना आपण ‘तू कसा आहेस’ विचारत नाही. तिथे ‘झी’च, म्हणजे आदराचं ‘तुम्ही’, आणि त्याबरोबर क्रियापदही बदलतं: ‘कॉम्स्ट डू?’ (येतोस का?), पण ‘कॉमेन झी?’ (येता का?)

राहिलं संस्कृत. विभक्ती म्हणजे काय हे आधीच कळलेलं असतं, तेवढी मदत होते. आठ विभक्त्या शिकलेल्याला जर्मनच्या चारची भीती वाटत नाही. लिंगं तीन, तीही ओळखीची. पण कुठल्या नामाचं लिंग कुठलं, ते संस्कृत सांगत नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, जर्मन सूर्य स्त्रीलिंगी. म्हणून नाम पाठ करायचं ते आर्टिकलसकट: नुसतं ‘झोनं’ नाही, ‘डी झोनं’.