बाई, ह्यो बघा ना!

60 मुलांच्या पटापर्यंत दोन शिक्षक, असं शिक्षणहक्क कायदा सांगतो. त्यामुळे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी सरांकडे आणि पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. सर मुख्याध्यापकही असल्याने त्यांना तालुक्याला मीटिंगा असतात. त्या दिवशी चारही वर्ग माझे. तेव्हा काय शिकवलं असं कोणी विचारू नये. जेवढी आली तेवढी घरी गेली, एवढं मी सांगू शकते.

पहिलीला 'क' गिरवायला देऊन दुसरीची हातच्याची वजाबाकी सुरू केली की तक्रारी दाखल होऊ लागतात.

"बाई, ह्यो माझ्याकडं बघतोय."

"बघू दे."

"तोंड वाकडं करून बघतोय!"

आरोपीला उभं केलं, तर तो म्हणतो, "माझं तोंडच असंय, बाई." पुढचे चारही दात पडलेले. खटला निकाली.

गेल्या आठवड्यातलं प्रकरण मात्र गंभीर होतं. "बाई, ह्यानं माझं खोडरबर खाल्लं." स्ट्रॉबेरीच्या वासाचं, मामानं जत्रेतून आणलेलं. आरोपी मान हलवून नाही म्हणत होता, पण ओठ घट्ट मिटलेले. तोंड उघडायला लावलं, तर जिभेवर गुलाबी चुरा.

"खाल्लं न्हाई बाई, चव बघितली नुसती."

"कशी होती?" हे मी विचारायला नको होतं, पण उत्सुकता असतेच ना.

"खडूपेक्षा बरी."

महिनाभर खडू कुठे जातात, याचा तपास असा लागला.

त्यातून सुटावं, तर करंगळ्या. एकानं करंगळी वर केली की अख्ख्या दुसरीला जोरात येते. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं तर पुढच्या पाच मिनिटांत फरशी पुसायची तयारी ठेवावी. सोडलं, तर पोरगं येतं ते खिशात चिंचा घेऊन. साडेअकराला खिचडीच्या फोडणीचा वास आला की करंगळ्या आपोआप खाली जातात. तेव्हा वर्गातून कोणाला हलायचं नसतं. रांगेतला नंबर जाईल ना!

कायद्याच्या कलम 17 नं मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली, हे योग्यच झालं. (बाईंच्या मानसिक छळाबद्दल त्यात काही सापडत नाही. मी शोधलं.) पालकांना मात्र हे पटत नाही. खोडरबरवाल्याची आजी शाळेत आली आणि म्हणाली, "द्या की दोन ठेवून, घरी कुणाचं ऐकत न्हाई." आजी, तो गुन्हा आहे आता, म्हटलं. "असं व्हय? मग मीच देते. मला कुठं नोकरी हाय?" नातू तोवर माझ्या खुर्चीमागे लपला होता.

दंगेखोराला जबाबदारी द्यावी म्हणजे तो सुधारतो, असं डी.एड.ला शिकवलं होतं. म्हणून सगळ्यात वांड पोराला मॉनिटर केलं. काम सोपं: बोलणाऱ्याचं नाव फळ्यावर, परत बोलला तर फुली. पहिल्या तासानंतर फळ्यावर एकच नाव होतं, 'बाई', आणि पुढे ओळीनं फुल्या.

"अरे, मी शिकवत होते!"

"बोलतच हुता न्हवं?" आणि त्यानं आणखी एक फुली मारली.

नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख भेटीला आले. मी पदरानंच फळा पुसला. पोरं उभी राहिली, 'एक साथ नमस्ते' झालं, आणि मग चमत्कार: हाताची घडी, तोंडावर बोट, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. साहेबांनी शेरेबुकात 'वर्गशिस्त उत्तम' असं लिहिलं आणि मुलांना स्वच्छतेचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. मॉनिटर लगेच उठला आणि कर्तव्यबुद्धीनं फळ्याकडे निघाला. माझ्या पोटात गोळा आला.

पण फळ्यापाशी खडूच नव्हता. मी वळून पाहिलं, तर खोडरबरवाल्याचे ओठ घट्ट मिटलेले. त्या दिवशी मी त्याला तोंड उघडायला लावलं नाही.