पगार पंधरा डॉलर, थाट मॅनेजरचा

कॉलेज संपल्यावर दोन वर्षं मी कापडाच्या दुकानात काउंटरला उभी होते. म्हणून असेल, पण १९२३चा 'सेफ्टी लास्ट!' हा विनोदी मूकपट बघताना त्याचा नायक हॅरॉल्ड लॉइड उंच इमारतीवरच्या घड्याळाला लोंबकळायच्या कितीतरी आधीच मला आपला वाटायला लागला. सेलला बायका काउंटरवर तुटून पडतात, एकीच्या हातातलं कापड दुसरी खेचते आणि हा मधे चेंगरतोय. दिवाळीच्या आधीचा रविवार, दुसरं काय! वर ग्राहकांसमोर अंगात कोट नव्हता म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये हजेरी.

मुलगा शेजारून, "आई, पुढे ढकल ना, घड्याळ दाखव." नाही ढकललं.

कारण खरी गंमत खाली, जमिनीवरच आहे. पोरगा शहरात नाव काढायला आलाय, म्हणजे मग लग्न. आठवड्याला पगार पंधरा डॉलर. खोलीचं भाडं थकलेलं. घरमालकीण आली की हा आणि त्याचा मित्र खुंटीवरच्या कोटांत शिरून लटकतात. आणि गावातल्या 'ति'ला पेंडंट पाठवतो! मग त्याला साखळी हवी. सराफाकडे पैसे मोजताना डोळ्यासमोर जेवणाचं ताट, आणि एकेक नाणं हातातून गेलं की ताटातला एकेक पदार्थ गायब. एवढ्या भुकेवर इतकं हसू यावं याची मला लाजच वाटली.

ती अचानक दुकानात येते, याला साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडताना बघते आणि ती केबिन याचीच समजते, आणि हाही तिला तसंच समजू देतो. तिथून सगळं वाढत जातं. दुकानाच्या जाहिरातीसाठी इमारत बाहेरून चढून जायचे हजार डॉलर मिळणार असतात, चढणार असतो मित्र, पण त्याच्यामागे पोलिस लागतो आणि इमारत याच्या गळ्यात पडते. म्हणून ते घड्याळ मला साहसापेक्षा थापेची वसुली वाटतं. (१९१९मध्ये नकली समजून हातात घेतलेला बॉम्ब फुटून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. हे कळल्यावर तो प्रसंग परत बघा.)

पटत नाही ते एवढंच की तिला शेवटपर्यंत कुणी खरं सांगतच नाही. तिचं काम करणाऱ्या बिचाऱ्या मिल्ड्रेड डेव्हिसच्या वाट्याला नुसतं भाबडं बघत राहणं. त्याच वर्षी तिने लॉइडशी लग्न केलं, ते वेगळं.

गच्चीवर ती भेटते, दोघं चालू लागतात. याचे बूट आधी डांबरात अडकतात, मग मोजे. साहेब अनवाणी, पण तिचं लक्ष कुठे आहे!