जाळं कोण भरून देणार?

इंग्लंडात गळ टाकून बसलेल्या माणसाशी बोलणं काढायचं असेल तर हवापाण्यापासून सुरुवात करावी. बोलणं बिघडवायचं असेल तर पाणमांजराचं नाव घ्यावं. मी बेडफर्डला राहतो. ग्रेट ऊझ नदी गावाच्या मधून वाहते आणि जूनच्या मध्याला मासेमारीचा हंगाम उघडला की काठाने हिरव्या छत्र्या उगवतात. माझा शेजारी निवृत्त पोस्टमन आहे, आयुष्यभर याच नदीवर बसलेला. त्याचं म्हणणं सरळ आहे: नदीत मोठा बार्बेल उरला नाही, तो पाणमांजरांनी खाल्ला, आणि ती पाणमांजरं शहरी निसर्गप्रेमींनी आणून सोडली.

त्याचं म्हणणं मला हसण्यावारी नेता येत नाही. बार्बेल हा मिशाळ, तळाला चरणारा, दांडगा मासा. न्यूपोर्ट पॅग्नेलजवळ अ‍ॅडम्स मिल नावाचा याच नदीचा एक टप्पा आहे. २००६ साली तिथे साडेनऊ किलोचा बार्बेल लागला आणि तो ब्रिटनचा विक्रम ठरला. गळवाल्यांनी त्या माशाला ‘ट्रॅव्हलर’ असं नाव ठेवलं होतं. नाव ठेवता येतं, कारण इथे मासा पकडायचा, तोलायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. तोच मासा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या माणसांच्या हाती लागतो. (हा प्रकार माझ्या आईला अजून पटलेला नाही. “मग धरलाच कशाला?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.) असे म्हातारे, अवजड मासे एका टप्प्यात मोजकेच असतात. थंडीत ते सुस्तावतात, तेव्हा पाणमांजराला सापडतात. ते गळ्याखालचा, पोटाकडचा मऊ भाग खातं आणि बाकीचा मासा काठावर टाकून जातं. सकाळी येणाऱ्या माणसाला ओळखीच्या माशाचं अर्धं धूड दिसतं. त्याने चिडू नये तर काय करावं?

‘आणून सोडली’ हे मात्र अर्धसत्य आहे. १९५०च्या दशकात बियाण्यांना आणि मेंढ्यांच्या अंगाला डिल्ड्रिन, आल्ड्रिन यांसारखी कीटकनाशकं लावू लागले. ती नदीत उतरली, माशांत साठली आणि मासे खाणारं पाणमांजर बहुतेक इंग्लंडातून नाहीसं झालं. १९७७ ते १९७९ च्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत जेमतेम ६ टक्के ठिकाणी त्याच्या खुणा सापडल्या. १९७८ साली कुत्री घालून होणारी त्याची शिकार बंद झाली, ती विषंही टप्प्याटप्प्याने गेली. २००९-१०च्या पाहणीत ५९ टक्के ठिकाणी खुणा होत्या. यात ऑटर ट्रस्ट या संस्थेने पाळून वाढवून सोडलेली पाणमांजरं १९८३ ते १९९९ या सगळ्या काळात मिळून ११७. पूर्व इंग्लंडात त्यांनी हातभार लावला हे खरं, पण वेल्स आणि नैऋत्येकडून बाकीचा देश त्याने स्वतःच्या पायांनी परत घेतला.

परतून आलं तेव्हा त्याचं जुनं ताट मात्र जागेवर नव्हतं. पाणमांजराला सगळ्यात प्रिय वाम. चरबीदार, संथ, धरायला सोपी. समुद्रातून युरोपच्या नद्यांत चढणारी वामेची पिल्लं १९८०नंतर नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. दरम्यान अमेरिकेतून आणलेला सिग्नल क्रेफिश हा गोड्या पाण्यातला झिंगा नद्यांत सुटला. तो माशांची अंडी खातो आणि काठ पोखरतो. बार्बेल वाळू-गोट्यांत अंडी घालतो. शेतातला गाळ त्या गोट्यांच्या फटी बुजवतो आणि अंडी गुदमरतात. याखेरीज सांडपाणी: इंग्लंडच्या जलकंपन्यांच्या पावसाळी मोऱ्यांतून २०२३ या एका वर्षात ३६ लाख तास मैला-पाणी नद्यांत आणि समुद्रात गेलं, हा सरकारी आकडा आहे. म्हणजे म्हातारे मासे होते, पण त्यांच्या मागे तरुण मासे येत नव्हते. पाणमांजराने शेवटचे म्हातारे उचलले आणि खाली काहीच नाही हे उघडं पडलं.

हे शेजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, “मैल्याने मेलेला मासा मी कधी काठावर अर्धा खाल्लेला पाहिला नाही.” भांडणाचं मूळ इथेच आहे. पाणमांजर पुरावा ठेवून जातं. न फुटलेल्या अंड्याचं प्रेत कुणाला सापडत नाही.

इथवर हा वाद आपल्याकडच्या कुठल्याही जंगल-माणूस वादासारखाच. तरी इंग्लंडच्या गळवाल्यांची एक गोष्ट मला त्यांच्या तक्रारींपेक्षा मोठी वाटते. त्यांनी नदीसाठी कोर्टात जायची सवय लावून घेतली. १९४८ साली त्यांनी एकत्र येऊन प्रदूषण करणाऱ्यांवर खटले भरणारी संघटना काढली, ती आज ‘फिश लीगल’ म्हणून चालते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘प्राइड ऑफ डर्बी’ या गळवाल्यांच्या क्लबने डर्वेंट नदी नासवल्याबद्दल एक कारखाना, वीजमंडळ आणि खुद्द डर्बीची नगरपालिका अशा तिघांना कोर्टात खेचलं आणि मनाईहुकूम मिळवला. अलीकडे यॉर्कशरमधल्या कोस्टा बेक नावाच्या लहानशा ओढ्यासाठी तिथल्या क्लबने सरकारवर खटला भरला. हायकोर्टाने २०२३ मध्ये आणि अपील कोर्टाने २०२५ मध्ये निकाल क्लबच्या बाजूने दिला: त्या ओढ्यासाठी नेमकं काय करणार ते सांगा, सगळ्या खोऱ्याचा गुळगुळीत आराखडा चालणार नाही. पाणमांजराला शिव्या देणारी आणि मैल्याविरुद्ध वकील लावणारी माणसं बऱ्याचदा तीच असतात. हे त्यांना जमतं त्याचं कारण भावना नव्हे, मालकी. इथे मासेमारीचा हक्क ही मालमत्ता आहे. ती विकत घेता येते, भाड्याने घेता येते, आणि कुणी नासवली तर नुकसानभरपाई मागता येते.

आता घरचं. आमचं घर दोडामार्ग तालुक्यात, तिलारी नदीजवळ. हीच नदी पुढे गोव्यात जाऊन शापोरा होते. तिलारीच्या खोऱ्यात पाणमांजरांचे कळप आहेत. इंग्लंडातलं पाणमांजर एकलकोंडं, आपलं कुटुंबकबिल्याने फिरणारं. आठ-दहा जणांचा कळप एका कांडाळीत, म्हणजे नदीत लावून ठेवलेल्या जाळ्यात, शिरला तर काय होतं ते सांगायला नको. २०२०मध्ये तिलारीचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं, गोव्यात चोडण बेटाच्या बाजूला पाणमांजरांचे अभ्यासक काम करतात, पर्यटकांना होडीतून ती दाखवणारेही आता आहेत. हे सगळं मला आवडतं. फोनवर मी ते मोठ्या उत्साहाने दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाला सांगितलं. तो शेती करून नदीवर जाळं लावतो. तो म्हणाला, “तुझी ती पाणमांजरां बघूक बरी दिसतत रे. फाटलेला जाळा कोण भरून देतलो?”

दादाच्या प्रश्नात माझ्या पोस्टमन शेजाऱ्याचा प्रश्न ऐकू येतो असं लिहायचा मोह होतो, पण ते खोटं होईल. शेजाऱ्याचा छंद गेला. दादाचं संध्याकाळचं कालवण आणि बाजारात विकायची दोन पाटी मासळी गेली. शेजाऱ्याकडे क्लब आहे, परवान्याच्या पैशांतून तलावांना कुंपण घालायला अनुदान आहे, आणि कुंपणाच्या आत पाणमांजर अडकलंच तर ते जिवंत पकडून बाहेर सोडण्याचा परवाना २०१६पासून मिळू शकतो. वाहत्या नदीला कुंपण घालता येत नाही, म्हणून नदीवरचे लोक तिथेही चडफडतातच. दादाकडे यातलं काहीच नाही. नदीत मासे धरण्याचा त्याचा हक्क हा रिवाज आहे, कागद नव्हे. वरच्या अंगाला कुणी वाळू उपसली, कुणी कोंडीत, म्हणजे नदीच्या डोहात, ब्लीचिंग टाकलं, कुणी इन्व्हर्टरचा करंट सोडला, तर तो कुणावर खटला भरणार?

आणि हो, आपल्याकडचे मासे कमी होण्यात आपलाही हात आहे, तो पाणमांजराच्या पंजापेक्षा लांब आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की शेतात-ओहोळात चढणीचे मासे येतात. अंड्यांनी भरलेले, उलट्या धारेने उड्या मारत. अख्खा गाव कंदील-बॅटऱ्या घेऊन धावतो. कोकणी माणसाला यापेक्षा मोठा सण नाही, मलाही नाही. पण समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी घालायची आणि त्याच दिवसांत गोड्या पाण्यातल्या गाभोळीच्या माशांवर काठ्या घेऊन तुटून पडायचं, यात काही मेळ नाही. इंग्लंडात १५ मार्च ते १५ जून नद्यांवर असा गळ टाकायला बंदी असते. छंदासाठी बसणारे लोक तीन महिने गप घरी बसतात. तोच नियम उचलून दोडामार्गात लावा असं मी म्हणणार नाही, कारण तिथे तो फक्त गरिबाच्या जाळ्यावर चालेल आणि वाळूच्या डंपरला सलाम ठोकेल. चढणीच्या पहिल्या चार-पाच दिवसांचा संयम गावानेच ठरवला तर वेगळं. देवाच्या नावाने आपण ते करतोच. महाडकडे वाळणकोंडला काळ नदीच्या डोहातल्या खडस माशांना वरदायिनी देवीचे म्हणून कुणी हात लावत नाही.

पण संयम मागायचा तर आधी काहीतरी द्यावं लागतं, आणि इथे इंग्लंडकडून शिकण्यासारखं फार नाही. इंग्रजांनी पाणमांजर परत आणताना गळवाल्यांना विचारलं नाही, नुकसानीचा विषय कुंपणावर भागवला, आणि पंचवीस वर्षं झाली तरी कडवटपणा जात नाही. नमुना आपल्याकडेच, समुद्रावर आहे. जाळ्यात अडकलेला देवमासा-बहिरी (व्हेल शार्क), कासव किंवा दुसरा संरक्षित जीव सोडवण्यासाठी कोळ्याने आपलं जाळं कापलं तर महाराष्ट्र सरकार त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. २०१८च्या अखेरीस ही योजना आली, वनखात्याचा कांदळवन कक्ष ती राबवतो, आणि कोळी बांधव मोबाइलवर व्हिडिओ काढून पुरावा देतात. बिबट्याने शेळी नेली की पंचनामा होतो, रानडुकराने भात तुडवला की अर्ज करता येतो. मग गोड्या पाण्यातल्या फाटक्या जाळ्याचा विचार त्याच रांगेत का होऊ नये? तिलारीसारख्या राखीव क्षेत्राभोवतीच्या गावांत तरी सुरुवात व्हावी. कांडाळीची किंमत ट्रॉलरच्या जाळ्यापुढे काहीच नाही.

भरपाईचा अर्ज आला की आणखी एक गोष्ट आपोआप घडेल. कुठल्या कोंडीत, कुठल्या महिन्यात, किती मासळी होती आणि किती गेली, हे कुणीतरी कागदावर लिहील. आज दादाच्या नदीत दहा वर्षांपूर्वी काय मिळत होतं हे फक्त दादाला माहीत आहे, आणि कोर्टात ते पुरावा म्हणून उभं राहणार नाही. इंग्लंडच्या क्लबांची ताकद त्यांच्या मालकीइतकीच त्यांच्या जुन्या वह्यांत आहे.

दादाला ही कल्पना सांगितली. त्याला भरपाई मान्य आहे, वही मान्य नाही. वही झाली की उद्या परवाना येतलो, परवो फी, असं त्याचं म्हणणं. शिवाय समुद्रातलं कासव जाळ्यात अडकून पडतं, त्याचा व्हिडिओ निघतो. पाणमांजर रात्री येतं, फाडतं आणि जातं. मग फाटलेलं भोक पाणमांजराचं की ओंडक्याचं, हे ठरवायला गार्ड पहाटे चारला कोंडीवर येणार का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काठावरची विष्ठा बघून कळतं, तिच्यात माशांची खवलं असतात, इंग्लंडच्या पाहण्या तशाच झाल्या. तो म्हणाला, मग त्या गार्डाला आधी ती ओळखायला शिकवा, आणि शिकवायला कुणी येणार असेल तर पावसाआधी या, नंतर वाट बंद होते.